निळी मानलेली लाल युद्धनौका: 'वासा'च्या रंगांचं प्रकरण

१९८० च्या दशकात, शाळेत असताना, मी सागाच्या पट्ट्या तासून हातभर लांबीचं एक जहाज केलं होतं. समोर एका परदेशी मासिकातलं रंगीत चित्र होतं. त्यात जहाजाची उंच पिछाडी गडद निळी होती आणि तिच्यावरचं एकूण एक शिल्प सोनेरी. मीही तसंच रंगवलं. निळा ऑइलपेंट डबीतला होता, आणि सोन्यासाठी पितळेची भुकटी वार्निशात कालवली होती. ते जहाज म्हणजे स्वीडनची 'वासा'. पुढे वाड्यांतलं रंगीत लाकूडकाम आणि जुन्या लाकडी मूर्ती यांच्या संवर्धनातच माझी वर्षं गेली, आणि त्या कामाच्या ओघात कळलं की 'वासा'ची पिछाडी निळी नव्हतीच. ती लाल होती.

ही चूक माझी एकट्याची नव्हती. १९७० ते १९९० च्या दरम्यानच्या कितीतरी चित्रांत आणि जहाजाच्या छोट्या प्रतिकृतींच्या खोक्यांवर 'वासा' निळी आणि सोनेरीच दिसते. ती काढणारे लोक अभ्यासू होते, जहाजाचा दोर न् दोर त्यांना ठाऊक होता. तरीही रंग चुकला. तो का चुकला आणि कसा दुरुस्त झाला, हे मला इथे सविस्तर मांडायचं आहे. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच प्रकरण सांगतो.

नौका आणि तिचा चिखल

'वासा' १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमहून पहिल्यांदा निघाली आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडाली. राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ तेव्हा पोलंडशी लढत होता. त्याच्या या नौकेवर तोफांचे दोन मजले आणि वरचा डेक मिळून ६४ तोफा होत्या. वरचा भार जास्त झाला होता. वाऱ्याचा एक झोत आला, नौका कलली, खालच्या मजल्याच्या उघड्या तोफखिडक्यांतून पाणी आत शिरलं आणि काठावर जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत ती तळाला गेली. सुमारे तीस माणसं दगावली.

(आपल्याकडे वासा म्हणजे छपराचं लाकूड. तिथे ते राजघराण्याचं नाव आहे, आणि त्या घराण्याचं चिन्ह म्हणजे धान्याची पेंढी. या पेंढीचा रंगांशी संबंध आहे, तो पुढे येईल.)

नौका ३२ मीटर खोल पाण्यात पडून होती. बाल्टिक समुद्राचं पाणी फार खारट नाही, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही. १९५६ मध्ये आंदेर्स फ्रान्सेन यांनी तिचा माग काढला आणि २४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनी, ती पाण्याबाहेर आली. तिच्याबरोबर आणि तिच्याभोवतीच्या गाळातून १४,००० हून अधिक सुटे लाकडी भाग निघाले. त्यांत ७०० च्या आसपास शिल्पं आणि अलंकार होते.

ही शिल्पं सुटी का झाली, याला रंगांच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. ती ओक, पाइन आणि लिंडेनच्या लाकडात कोरून लोखंडी खिळ्यांनी आणि बोल्टांनी बसवलेली होती. पाण्यात लोखंड गंजून गेलं आणि एकेक शिल्प निखळून खालच्या गाळात पडलं. जी गाळात रुतली, त्यांच्यावर प्राणवायू नसलेल्या चिखलाचं पांघरूण पडलं. जी उघड्यावर राहिली, त्यांची वरची कातडी प्रवाहाने झिजवली. म्हणजे एखाद्या सम्राटाच्या गालावर रंग उरणार की नाही, हे त्याला धरून ठेवणारा खिळा कधी गंजला आणि तो कोणत्या कुशीवर पडला, यावर ठरलं.

आज स्टॉकहोमच्या वासा संग्रहालयात जाऊन उभं राहिलं तर नौका काळपट तपकिरी दिसते. ओकच्या लाकडात टॅनिन असतं. लोखंडाशी त्याची गाठ पडली की काळा रंग तयार होतो. आपल्याकडे हिरडा आणि लोखंडाचा कीस यांपासून शाई करत, त्यातलीच ही गोष्ट. संग्रहालयातल्या मंद उजेडात ती काळी शिल्पं इतकी गंभीर, इतकी भारदस्त वाटतात की ती कधी रंगीत असतील यावर मन विश्वास ठेवायला तयार होत नाही. वेरूळच्या कैलासापुढेही हेच होतं. काळ्या कातळाची आपल्या डोळ्यांना इतकी सवय झाली आहे की त्या लेण्याला एके काळी 'रंगमहाल' म्हणत, हे सांगूनही खरं वाटत नाही.

निळा आला कुठून

नौका वर आली तेव्हा काही शिल्पांवर सोन्याच्या वर्खाचे कण चमकत होते, डोळ्यांना दिसतील इतके. इतर रंग मात्र सहजी दिसत नव्हते. त्यावरून शिल्पं सोनेरी होती असं म्हणणं साहजिकच होतं. मग सोन्यामागची पार्श्वभूमी कोणती? सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या युरोपीय युद्धनौकांची चित्रं पाहिली तर निळ्यावर सोनं हा त्या काळचा राजेशाही थाट दिसतो. स्वीडनचा झेंडाही निळा-पिवळा. सगळे धागे एका जागी येऊन मिळाल्यासारखे वाटले आणि चित्र पूर्ण झालं.

या तर्काचे दोन्ही पाय कच्चे होते.

पहिला पाय सोन्याचा. सोनं गंजत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होत नाही. तेलात कालवलेल्या रंगाचं तसं नसतं. त्यातलं तेल शतकानुशतकं पाण्यात राहून कुजतं, विघटित होतं, आणि पकड सुटली की रंगाचे कण पावडर होऊन निघून जातात. तीनशे वर्षं चिखलात ठेवलेल्या वस्तूवर सोनं जास्त दिसलं, तर त्याचा अर्थ सोनं जास्त टिकलं एवढाच होतो. मुळात ते किती होतं, हे त्यावरून कळत नाही. जुनी पोथी वाळवीने खाल्ली आणि तिच्यावरची पितळी फुली तेवढी राहिली, म्हणून पोथी पितळेची होती असं आपण म्हणत नाही. पण रंगांच्या बाबतीत आपल्या हातून नेमकं हेच घडतं. जे उरलं तेच होतं, असं डोळा धरून चालतो.

दुसरा पाय काळाचा. १६२८ ची नौका १६७० किंवा १६८० च्या चित्रांवरून रंगवणं म्हणजे दोन पिढ्या पुढची फॅशन मागे नेणं. मधल्या काळात युरोपची अभिरुची बदलली होती. 'वासा' कोरणारे मोर्टेन रेडटमर आणि त्यांचे सहकारी ज्या परंपरेतून आले, ती चर्चमधल्या रंगीत लाकडी शिल्पांची परंपरा होती: गालाला गालाचा रंग, ओठाला ओठाचा, झग्याला झग्याचा. त्यांच्या लेखी अंगभर सोनं चढवलेली मूर्ती हा नियम नव्हता.

तिसरी एक गोष्ट मी कारागिराच्या नजरेने मांडतो. त्या काळात निळा हा अवघड रंग होता. खरा उत्तम निळा बदख्शानच्या राजावर्त या निळ्या दगडाचा. तो इतका महाग की चित्रातल्या देवीच्या वस्त्रापुरता वापरत. तांब्याच्या खनिजाचा निळा त्याहून स्वस्त, पण भरड दळावा लागतो; बारीक दळला की फिका पडतो. कोबाल्टच्या काचेची पूड करून केलेला निळा तेलात काळाच्या ओघात राखाडी होत जातो. एवढ्या मोठ्या युद्धनौकेची पिछाडी, तीही उन्हापावसात आणि खाऱ्या तुषारांत राहणारी, यांपैकी कशाने रंगवायची? हा पुरावा नव्हे, शंका आहे. पण पहिल्यांदा निळ्याचं चित्र पाहिलं तेव्हाच ही शंका मनात यायला हवी होती, असं मला वाटतं. शाळकरी वयात मला ती सुचणं शक्य नव्हतं. मोठ्यांना सुचायला हवी होती.

टाचणीच्या टोकाएवढा पुरावा

१९९० च्या दशकात शिल्पांवरच्या रंगाच्या अवशेषांची पद्धतशीर तपासणी झाली आणि चित्र बदललं. ही तपासणी नेमकी कशी होते, ते थोडं थांबून सांगतो. प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

डोळ्यांना शिल्प कोरं दिसतं. पण भिंग लावून दाढीच्या बटांमधल्या फटी, कानामागची खोबण, वस्त्राच्या चुण्यांचा तळ असं एकेक ठिकाण पाहत गेलं की कुठेतरी पापुद्रा सापडतो. ब्रशने रंग भरताना तो खोलगट जागी जाड साचतो, आणि झीजही तिथे शेवटी पोचते. अशा जागेवरून शस्त्रक्रियेच्या पात्याने टाचणीच्या टोकाएवढा कण उचलायचा. तो पारदर्शक रेझिनमध्ये बुडवून घट्ट करायचा, मग पाव कापावा तसा आडवा कापून त्याची कड घासून घासून आरशासारखी करायची. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की थर एकावर एक दिसतात. सगळ्यात खाली लाकूड, त्यावर अस्तर, त्यावर रंगाचा पहिला हात, दुसरा हात, कधी वर पिवळट चिकटणीवर बसवलेला वर्ख. केसाच्या जाडीपेक्षाही बारीक थरात रंगाऱ्याचे तीन दिवस दिसतात.

मी हे पहिल्यांदा केलं ते एका वाड्यातल्या हस्तावर, म्हणजे खांबाच्या टोकाला कोरलेल्या लाकडी ब्रॅकेटवर. वर चॉकलेटी ऑइलपेंटचे चार हात, त्याखाली पोपटी, त्याखाली चुना. आणि अगदी तळाशी, लाकडाला चिकटून, काजळीची काळी रेघ आणि हिंगुळाचा लाल. तो लाल भिंगातून पाहिला तेव्हा वाड्याच्या मूळ मालकाने जो हस्त पाहिला असेल तो क्षणभर माझ्यासमोर उभा राहिला. त्या दिवसापासून मी रंगाला 'वरचा मुलामा' म्हणणं सोडलं.

थर दिसले की प्रत्येक कण कशाचा आहे ते ओळखायचं. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने मूलद्रव्यं शोधतात. पारा आणि गंधक एकत्र सापडले तर हिंगूळ. शिसं आणि कथील सापडलं तर शिसं-कथिलाचा पिवळा; हा पिवळा अठराव्या शतकात वापरातून गेला आणि इतका विसरला गेला की १९४१ मध्ये त्याची पुन्हा ओळख पटवावी लागली. कोबाल्ट, पोटॅशियम आणि सिलिकॉन म्हणजे काचेचा निळा. सोमल आणि गंधक म्हणजे हरताळ. जुन्या पोथ्यांत चुकलेलं अक्षर हरताळ फासून झाकत, त्यावरून आपला वाक्प्रचार आला, ती हीच पिवळी वस्तू. तांबं म्हणजे जंगाल (तांब्याच्या गंजाचा हिरवा) किंवा तांब्याच्या खनिजाचा हिरवा-निळा.

कालखंड तपासायलाही ही यादी कामी येते. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, क्रोम पिवळा एकोणिसाव्या शतकातला, टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकातला. १६२८ मध्ये बुडालेल्या वस्तूवर यांतलं काही सापडलं तर समजायचं की ते बाहेरून लागलं आहे.

बुडालेल्या लाकडाच्या काही खास अडचणी असतात. प्राणवायू नसलेल्या घाण पाण्यात गंधकयुक्त वायू तयार होतो. स्टॉकहोमच्या बंदरात शहराचं सांडपाणी शतकानुशतकं येत होतं, त्यामुळे 'वासा'च्या लाकडात गंधक भरपूर मुरलं आहे. शिशाचा सफेता अशा पाण्यात राहिला की काळा पडतो. म्हणजे जिथे डोळ्यांना काळा डाग दिसतो तिथे मूळचा शुभ्र पांढरा असू शकतो. शिवाय लाकूड सुकताना तडकू नये म्हणून १९६२ पासून सतरा वर्षं नौकेवर पॉलीएथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ फवारला गेला. त्याशिवाय नौका वाचलीच नसती. पण लाकडात आणि पृष्ठभागावर मुरलेला तो पदार्थ बाजूला धरूनच रंगाचा विचार करावा लागतो.

लाल की गंज?

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हा आहे.

समजा, पिछाडीच्या फळीवर तुम्हाला लालसर कण सापडले आणि यंत्र सांगतं आहे की यात लोह आहे. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड. गंजही लोहाचं ऑक्साइडच. ज्या नौकेचे हजारो लोखंडी बोल्ट पाण्यात विरघळले, तिच्या प्रत्येक फळीवर गंज उतरलेला असणारच. मग हा रंगाऱ्याचा लाल की खिळ्याचा?

नुसतं 'लोह सापडलं' यावर इथे काहीच ठरत नाही, जागा आणि रचना पाहावी लागते. गंज लाकडाच्या रेषांतून आत झिरपतो, खिळ्याच्या भोकाजवळ दाट आणि दूर जाता फिका होत जातो, आणि त्याच्याखाली अस्तर नसतं. रंग पृष्ठभागावर बसतो. त्याची खालची कड लाकडाशी स्पष्ट वेगळी दिसते. त्यात गेरूबरोबर येणारी माती आणि गारगोटीचे बारीक कण असतात, कारण गेरू जमिनीतून खणून दळलेला असतो. कधी त्यात गडदपणासाठी काजळीचे किंवा उजळपणासाठी सफेत्याचे कण मिसळलेले दिसतात. खिळा काही रंग मिसळत बसत नाही. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे एकाच प्रकारचा थर खिळ्यांपासून लांब, वेगवेगळ्या भागांवर पुन्हा पुन्हा सापडणं. एका नमुन्याने शंका निर्माण होते. त्याच जागेचे, त्याच जातीच्या भागांचे अनेक नमुने तेच बोलू लागले की मगच विधान करायचं.

आता लालच का, याचा विचार करा. गेरू स्वस्त, उन्हात उडत नाही, तेलात छान मिसळतो, दोन हातांत लाकूड झाकतो. स्वीडनमध्ये फालुनच्या तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या लाल मातीचा रंग सोळाव्या शतकापासून वापरात आहे आणि आजही तिथली खेड्यातली घरं त्या लालाने ओळखू येतात. कोकणातल्या देवळांच्या भिंतींवरची कावी कला डोळ्यांसमोर आणा. सिंधुदुर्गात, गोव्यात कारागिरांनी जांभ्याच्या मातीची काव वापरली, कारण ती हाताशी होती आणि टिकत होती. ज्या देशात जी लाल माती, तिने तिथले लोक मोठे पृष्ठभाग रंगवतात. 'वासा'वर वापरलेला गेरू फालुनचाच, असा माझा दावा नाही. पण मोठ्या फळ्यांना लाल रंग, हा त्या काळच्या रंगाऱ्याने अजिबात आढेवेढे न घेता केलेला निर्णय वाटतो.

उलगडलेलं चित्र

तपासणीतून जे उभं राहिलं ते असं. नाळेच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजू, वरच्या डेकभोवतीचे कठडे, पिछाडीच्या बाजूच्या सज्ज्यांची छपरं आणि पिछाडीची मुख्य पार्श्वभूमी, हे सगळं लाल. त्या लालावर शिल्पं, प्रत्येक आपापल्या रंगांत: त्वचेचा रंग, केसांचा रंग, हिरवी, निळी, पिवळी, लाल वस्त्रं. सोनं होतं, पण ते काही ठिकाणी उठाव द्यायला. अभ्यासकांच्या मते हा उतू जाणाऱ्या सोन्याच्या बरोक शैलीपेक्षा मध्ययुगीन रंगीत शिल्पपरंपरेच्या शेवटच्या टोकाचा नमुना आहे. आजच्या युरोपीय डोळ्यांना तो भडक वाटतो. आपल्या डोळ्यांना तसा वाटू नये. दशावताराच्या रंगमंचावरचा राजा किंवा पैठणच्या चित्रकथीतला रावण पाहत वाढलेल्या माणसाला 'वासा'ची पिछाडी लगेच वाचता येते.

वाचता येते हा शब्द मी मुद्दाम वापरतो. या नौकेवर वीस रोमन सम्राट आहेत, बायबलमधल्या गिदोनचे योद्धे आहेत, तरुण आणि वृद्ध असे दोन हर्क्युलिस आहेत. सगळी कोरीवकामं काळी असताना ती नुसती गर्दी वाटते. रंग आले की कोण माणूस, कोण राक्षस, कुणाचं वस्त्र कुठे संपतं, हे शंभर पावलांवरून कळतं. राजाला शत्रूवर आणि स्वतःच्या प्रजेवर जी छाप पाडायची होती, ती लांबून, पाण्यावरून, भर उन्हात पाडायची होती. रंगांशिवाय ते कोरीवकाम अपुरं होतं, आणि कोरणाऱ्यांनी ते रंग गृहीत धरूनच कोरलं होतं.

आणि निळा? तो होताच, फक्त त्याची जागा वेगळी होती. पिछाडीवर स्वीडनचं राजचिन्ह कोरलेलं आहे. त्याचे रंग रंगाऱ्याच्या मर्जीवर नव्हते, नियमाने बांधलेले होते: निळ्यावर तीन सोनेरी मुकुट, आणि निळ्या, पांढऱ्या, लाल तिरप्या पट्ट्यांवर वासा घराण्याची सोनेरी पेंढी. इथे अंदाजाला जागाच नाही. राजचिन्ह निळ्यात उठून दिसायचं असेल तर भोवतालची पार्श्वभूमी निळी असून कसं चालेल? लालावर ते लखकन दिसतं. हे लक्षात आल्यावर जुन्या चित्रांतली निळी पिछाडी मला दिसायलाही चुकीची वाटू लागली.

या पुराव्याच्या आधारे एकास दहा प्रमाणाची प्रतिकृती रंगवली गेली आणि ती संग्रहालयात मूळ नौकेशेजारीच ठेवलेली आहे. काही शिल्पांच्या पूर्ण आकाराच्या रंगीत प्रतीही तिथे आहेत. काळी नौका आणि तिचं रंगीत रूप एका नजरेत मावतं, ही मांडणी मला फार मोलाची वाटते.

अशा पुनर्रचनेत सगळे रंग सारख्याच खात्रीचे नसतात, हे मात्र मोकळेपणाने सांगायला हवं. मी माझ्या कामात तीन वह्या ठेवतो. पहिलीत थेट थर सापडला ते. दुसरीत शेजारच्या किंवा जोडीच्या भागावरून ठरवलं ते; 'वासा'वर कितीतरी शिल्पं डाव्या-उजव्या जोड्यांत आहेत, त्यामुळे डाव्याचा रंग गेला तरी उजव्याकडे विचारपूस करता येते, फक्त रंगारी जोडी नेहमी हुबेहूब रंगवत नाही याची आठवण ठेवून. तिसरीत प्रथेवरून बांधलेला अंदाज. रंगवलेली प्रतिकृती या तिन्ही वह्या एकत्र शिवते, आणि पाहणाऱ्याला शिवण दिसत नाही. छटेचंही तसंच आहे. सूक्ष्मदर्शकात दिसणारा आजचा लाल जशाच्या तसा डबीत जुळवून घेणं चूक आहे, कारण तेल पिवळं पडलेलं असतं आणि काही कण बदललेले असतात. तोच गेरू, तसाच हाताने, अळशीच्या तेलात दगडावर घोटून, लाकडावर लावून, सुकवून पाहिला की मगच मूळ छटेच्या जवळ जाता येतं.

रंगवायची की नाही

मूळ 'वासा' रंगवली गेली नाही. तो निर्णय मला शंभर टक्के पटतो. तिच्या पृष्ठभागावर अजून न तपासलेले कण आहेत, आणि नवा हात म्हणजे त्या पुराव्यावर हरताळ. पण हे सगळीकडे लागू होत नाही. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची युद्धनौका 'व्हिक्टरी' उभी आहे. ती कित्येक वर्षं गोदीत, उघड्यावर, पावसात होती. रंग लावला नसता तर लाकूड कुजलं असतं. तिथे प्रश्न कोणता रंग लावायचा एवढाच होता. तिच्यावर तपासणीत रंगाचे ७२ थर मोजले गेले, आणि २०१५ मध्ये तिचे परिचित नारिंगी झाक असलेले पिवळे पट्टे जाऊन १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईच्या वेळचा फिकट, दगडी रंग आला. लोकांना धक्का बसला. ज्या पिवळ्याला ते नेल्सनचा पिवळा समजत होते, तो विसाव्या शतकातला होता.

दोन्ही प्रकरणांत चूक एकाच जातीची आहे, आधीच्या पिढीने ठरवलेला रंग पुढच्या पिढीने मूळ मानला. फक्त 'व्हिक्टरी'च्या वेळी पुरावा बहात्तर थरांच्या खाली दाबलेला होता आणि 'वासा'च्या वेळी जवळजवळ धुऊन गेलेला. पहिल्यात फार जास्त वाचायचं होतं, दुसऱ्यात फार कमी.

आपल्याकडे मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याने सागात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. मुंबईत बांधलेली लढाऊ नौका हात लावून पाहता येते, तिच्या लाकडाला प्रश्न विचारता येतात. मराठ्यांच्या गुराबांचं, म्हणजे त्यांच्या मोठ्या लढाऊ गलबतांचं, तसं नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. जळालेल्या लाकडावर थर उरत नाहीत. त्या गुराबांच्या नाळेवर कोणता रंग होता, काव होती की नुसतं तेल, हे सांगणारा टाचणीच्या टोकाएवढा कणही माझ्या हाती नाही. चित्रं आहेत, पण ती जिंकणाऱ्यांच्या बाजूने काढलेली. म्हणून कुणी मला मराठा गुराबाच्या प्रतिकृतीचा रंग विचारला तर मी लाकूड तेलाचा हात देऊन कोरं ठेवायला सांगतो, आणि कारण पाटीवर लिहायला सांगतो. खाडीच्या गाळात कधी एखादी फळी मिळाली, तर ती धुण्याआधी कुणीतरी भिंग लावावं, एवढीच माझी विनवणी आहे. पहिल्या धुण्यातच सगळं जातं.

माझं सागाचं जहाज गेल्या पावसाळ्यात मी माळ्यावरून खाली काढलं. पिछाडीवरचा निळा काचेच्या तुकड्याने खरवडला, गेरू अळशीच्या तेलात घोटून दोन हात दिले. तेलाचा हात सुकायला आठवडा गेला. दमट हवेत जरा जास्तच. उजव्या सज्जाच्या छपराखाली नखाएवढा निळा मी तसाच ठेवला आहे. वाड्यात काम करताना आम्ही आधीच्या प्रत्येक रंगाची अशी एक खिडकी सोडतो, पुढे कुणाला तपासायची असली तर.